बाबांचा चष्मा, कडप्प्याची पट्टी आणि घरात रोबो (सल्ला हवा आहे)

चिंचेचा_कोळ

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सॅन होजेला असते, आईबाबा कोथरूडला. बाबा ७४, दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली होती, त्यातला पाय बराच परत आलाय म्हणजे काठी धरून संडासपर्यंत जातात, हात मात्र नाही आला. बोलणं हळू पण कळतं. आई ७०, तिचे गुडघे गेलेले. दिवसा ब्युरोच्या मावशी असतात, रात्री दोघंच.

दिवाळीत गेले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी बाबा हॉलमध्ये टीव्हीसमोर, मी शेजारी मोबाईलमध्ये डोकं घालून. मालिका सुरू झाली तेव्हा काहीतरी पडल्याचा आवाज आला होता, मी लक्ष नाही दिलं. मालिका संपत आली तेव्हा बघते तर चष्मा खुर्चीखाली आणि हे आपले नुसते त्या धूसर टीव्हीकडे बघत बसलेत. म्हणलं बाबा हाक का नाही मारलीत, मी इथेच तर आहे. तर म्हणाले, "सकाळपासून अकरा झाल्या. मोजतो मी."

तेव्हापासून ते अकरा डोक्यातून जात नाहीये. इकडे परत आल्यावर ऑफिसातल्या एकाबरोबर एका लॅबचा डेमो बघायला गेले, तिथे चाकांवर उभा खांब आणि त्याला आडवा बाहेर येणारा एकच हात असा रोबो होता, तो जमिनीवरचा नॅपकिन उचलून देत होता. बघून वाटलं की अरे हेच तर पाहिजे. तर असलं काही आपल्याकडच्या घरात चालतं का, परवडतं का, आणि मी इथून कॅमेऱ्यातून तो चालवू शकते का म्हणजे रात्रीचं तरी (तेव्हा माझा दिवस असतो)? कोणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर लिहा प्लीज.

खवचट_काकू

चष्म्याला दोरी बांधा. दोनशे रुपये.

(गंमत नाही करते, आमच्या सासऱ्यांना बांधली होती.)

पेन्शनर४८

काकूंशी सहमत पण दोरीने चष्मा राहील, बाकीचं काय. माझी बायको गेल्यापासून मी एकटा आहे, वय विचारू नका आयडीत आहे. खाली पडलेली वस्तू हा विषय तरुण लोकांना कळणार नाही. मी आता घरात वस्तू पडली की आधी ठरवतो की ही खरंच लागणार आहे का. पेनाची टोपणं आठ-दहा तरी पलंगाखाली आहेत, बाई झाडायला येते तेव्हा माझ्यासमोर ढीग घालते.

मला वाचायला आवडेल, कोणी माहितगार असेल तर सविस्तर लिहा. जपानमध्ये पेशंटला उचलून घेणारा अस्वलाच्या तोंडाचा रोबो आहे असं पेपरात वाचलं होतं त्याचं काय झालं?

रोबोवाला_रव्या

मी याच विषयात काम करतो, माणूस आणि यंत्र यांचं एकमेकांशी कसं जमतं ते बघणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे लांबण लागणार.

आधी काकांचं अस्वल. रोबेअर, जपानच्या रिकेन संस्थेचं, २०१५. स्वतःचं वजन १४० किलो. पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचं, पण ते संशोधनातच राहिलं, घरोघरी काही आलं नाही. अख्खा माणूस उचलायचा तर यंत्र जड लागतं, जड यंत्र घरात फिरायला लागलं की तेच धोक्याचं, हा त्यातला पेच. माणूस उचलायला साधा हॉइस्ट, म्हणजे झोळीत घालून उचलायचा सांगाडा, बरा.

आता ताई तुम्ही जो बघितलात तो वर्णनावरून स्ट्रेच वाटतोय, हॅलो रोबो नावाच्या कंपनीचा, २०२० मध्ये पहिला आला. वजन साधारण २३ किलो, बूड जेमतेम एका फुटाचं त्यामुळे आपल्या बाथरूमच्या दारातूनही जाईल, हात लांब केला की दीडेक किलो उचलतो. किंमत वीस-पंचवीस हजार डॉलरच्या घरात आणि तो मुख्यतः लॅबना विकला जातो. म्हणजे "घ्या आणि लावा" असलं प्रकरण नाही.

पण त्याच्या मागची गोष्ट तुमच्या शेजारचीच आहे. लॉस अल्टोस हिल्सचे हेन्री एव्हन्स. २००२ मध्ये चाळिसाव्या वर्षी ब्रेनस्टेम स्ट्रोक, म्हणजे मेंदूच्या देठाशी झालेला, बोलणं गेलं, मानेखालचं जवळपास सगळं गेलं. मान थोडी हलते आणि एक बोट. २०१० मध्ये त्यांनी टीव्हीवर जॉर्जिया टेकच्या चार्ली केम्प यांचा रोबो बघितला आणि सरळ त्यांना लिहिलं की हे मला वापरायचंय. त्यातून विलो गॅरेज कंपनीच्या पीआर-टू नावाच्या रोबोवर काम सुरू झालं. तो दोन हातांचा, दोनशे किलोच्या वर, चार लाख डॉलरचा. डोक्याच्या हालचालीने स्क्रीनवरचा बाण हलवून हेन्री तो चालवायचे. आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर गालाची खाज खाजवली. दहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःची स्वतः. मग दाढी केली. नंतर याच केम्प यांनी एका मित्राबरोबर हॅलो रोबो काढली, चार लाखाचं काम वीस हजारात आणि दोनशे किलोचं तेवीस किलोत बसवायचं म्हणून एक हात कमी, बोटं कमी, सगळंच कमी. तो स्ट्रेच हेन्रींनी स्वतःच्या घरी आठवडाभर वापरूनही बघितलाय.

तुमच्या बाबांची "अकरा झाल्या" ही ओळ मी उद्या ऑफिसात फळ्यावर लिहिणार आहे. परवानगी असेल तर.

चिंचेचा_कोळ

लिहा की. बाबांना सांगते, खूश होतील 🙂

खवचट_काकू

वीस हजार डॉलर म्हणजे सतरा-अठरा लाख होतात. त्यात रात्रीची बाई पाच-सहा वर्षं येते आणि ती गप्पा पण मारते.

ठाण्याची_ओटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा जमवायला मदत करते, रोज अशी घरं बघते. काकूंचा हिशोब बरोबर आहे पण एक सांगते, बाई आली म्हणजे हाका थांबत नाहीत, हाक मारायचं माणूस बदलतं फक्त.

रोबोचं नंतर बघू, आधी खालच्या गोष्टी घरात आहेत का? लांब दांड्याचा चिमटा मिळतो, दांड्यावरचं बटण दाबलं की पुढची बोटं मिटतात, डाव्या हाताने येतो जमायला, पण बसल्या जागी वाकून नाही वापरायचा, तोल जातो. खुर्चीच्या डाव्या हाताला लटकती पिशवी. बेल, म्हणजे दाराची वायरलेस बेल असते तीच, बटण बाबांकडे आणि भोंगा स्वयंपाकघरात, घसा ताणायला नको. पाण्याला झाकणाचा आणि नळीचा पेला. हे सगळं हजार-पंधराशेत होतं आणि बहुतेक घरांत नसतं, कारण डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांचा कागद देतात, हे कोणी सांगत नाही.

आणि उजव्या हाताला "जाऊ दे राहू दे" म्हणून सोडू नका. दोन वर्षं झाली तरी टेबलावर ठेवून कागद दाबून धरणं वगैरे करून घ्या.

चाकावरचा

मी नाशिकचा. अपघातात पाठीचा कणा गेला त्याला चौदा वर्षं झाली. सगळं वाचलं. सगळे चांगलंच सांगतायत. पण एक विचारू का, बाबांना कोणी विचारलं का?

ताई राग मानू नका पण तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये "मी इथून चालवू शकते का" आहे, "ते चालवू शकतील का" नाहीये. माझ्या घरी भावाने प्रेमाने कॅमेरा बसवला होता बेडरूममध्ये, मला काही झालं तर दिसावं म्हणून. मी कपडे बदलताना त्याच्यावर टॉवेल टाकायचो तर लगेच फोन, "कॅमेरा का बंद झाला". तीन महिन्यांनी मी तो काढायला लावला. आता त्याच कॅमेऱ्याला चाकं आणि हात लावलेत असं समजा आणि ते बाबांच्या पलंगाशी रात्री दोन वाजता आलंय.

रव्या, ते फ्लोरिडावाल्या अभ्यासाचं सांगा ना इथे, मला मागे एकाने पाठवला होता, व्हीलचेअरला हात लावलेला.

रोबोवाला_रव्या

हो, मीच लिहिणार होतो. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ, २०१२ ला छापून आलं. मणक्याला इजा झालेले लोक आणि व्हीलचेअरवर बसवलेला यांत्रिक हात. काहींना हात स्वतः चालवायला दिला, काहींना नुसतं "ती वस्तू" म्हणून दाखवायचं आणि हात आपोआप आणून देणार. आपोआपवाल्यांना कष्ट कमी पडले. पण समाधान बघितलं तर स्वतः चालवणारे जास्त खूश. आम्हा इंजिनियर लोकांना हे पचायला जड जातं, कारण आमचा सगळा जीव बटणं कमी करण्यात.

म्हणून आता बरेच जण मधला रस्ता काढतात, म्हणजे हात माणूसच नेतो पण पेल्याजवळ आल्यावर शेवटचे चार बोटं अंतर यंत्र सावरून घेतं, थरथर असली तर ती गाळतं. सायकल शिकवताना मागून धरतात तसं. किती धरायचं आणि कधी सोडायचं यावर आमच्याकडे भांडणं होतात.

आणि "सोडायचं" वरून आठवलं, वस्तू हातात देणं हा प्रकार वाटतो तेवढा सोपा नाही. तुम्ही कोणाला चहाचा कप देता तेव्हा समोरच्याने भार घेतला की तुमची बोटं आपोआप सैल होतात, तुम्ही विचार करत नाही. रोबोने अर्धा सेकंद आधी सोडलं तर कप फुटला, अर्धा सेकंद उशिरा सोडलं तर रस्सीखेच. स्ट्रोकच्या माणसाची ओढ कमी असते, मग त्याने भार घेतलाय हे यंत्राला कळणार कसं? म्हणून बरेचदा हातात देण्याऐवजी टेबलावर ठेवणं बरं पडतं.

अजून एक, रोबोने यायचं कुठून. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर विद्यापीठात २००६ मध्ये बघितलं होतं, लोकांना खुर्चीत बसवलं आणि रोबोने टीव्हीचा रिमोट आणून द्यायचा. तर बरोबर समोरून आलेला लोकांना आवडेना, बाजूने आलेला चालला. बसलेल्या माणसाच्या नाकासमोर यंत्र चालून आलं तर अंगावर आल्यासारखंच वाटणार ना. बाबांची उजवी बाजू गेलीये म्हणजे त्यांच्यासाठी डावीकडूनच यायला हवं, आणि स्ट्रोकमध्ये एका बाजूचं दिसणंही कमी झालेलं असू शकतं, ते ओटी ताईंना विचारा.

तसंच हात कुठे चाललाय ते बघणाऱ्याला आधीच कळलं पाहिजे. कार्नेगी मेलनच्या लोकांनी २०१३ मध्ये यावर चांगलं काम केलं. दोन पेले शेजारी असतील तर सगळ्यात जवळच्या रेषेत गेलेला हात शेवटपर्यंत कळत नाही कुठला घेणार, तेच तो थोडा वळसा घालून गेला तर मध्येच कळतं की डावीकडचा. म्हणजे वाट वाकडी पण माणसाला समजणारी.

पेन्शनर४८

रव्या, फार छान लिहिता. आमच्या ऑफिसातला शिपाई असाच होता, फाईल कुणाकडे नेतोय ते त्याच्या चालीवरून दारातच कळायचं.

खवचट_काकू

बरं मग आता नवीन ती नीओ की काय आलीये माणसासारखी, तिचे व्हिडिओ भाच्याने दाखवले. कपाट लावते, भांडी उचलते. ती का नको?

रोबोवाला_रव्या

काकू, नीओ म्हणजे वनएक्स कंपनीची, २०२५ च्या ऑक्टोबरात बुकिंग उघडलं, २०,००० डॉलर. त्यांनी स्वतःच सांगितलंय की तिला न जमणारं काम कंपनीचा माणूस दुरून हेडसेट घालून करणार, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात त्याचे डोळे. लपवलेलं नाही त्यांनी, पण मालकाला आधी विचारणार, काही खोल्या बंद ठेवता येणार वगैरे असलं तरी चाकावरच्या दादांचा टॉवेल आठवा.

(रोबोचा कुठलाही व्हिडिओ बघताना कोपऱ्यात "दुरून चालवलेला" किंवा "आठपट वेगाने" असं बारीक अक्षरात लिहिलंय का ते बघायची सवय लावून घ्या. फार उपयोगी पडते.)

चाकावरचा

दुरून चालवणं वाईटच असं नाही हां. टोकियोत निहोनबाशीला एक कॅफे आहे, डॉन नावाचा, २०२१ पासून कायमचा सुरू आहे. तिथे ऑर्डर घेणारे आणि ट्रे आणणारे रोबो, पण ते चालवणारी माणसं घरी अंथरुणाला खिळलेली, कोणाला एएलएस (हळूहळू स्नायू निकामी होत जाणारा आजार), कोणाला मणक्याचं. पगार मिळतो त्यांना. म्हणजे इथे पेशंट कॅमेऱ्याच्या मागे आहे, पुढे नाही. गिऱ्हाइकाशी गप्पा मारतात, हा चहा घ्या तो घेऊ नका सांगतात. मी ते बघून दोन दिवस अस्वस्थ होतो कारण मला घरबसल्या काय काम मिळतं तर डेटा एन्ट्री.

म्हणून म्हणतो, रिमोट कुणाच्या हातात ते सांगा, मग मी सांगतो रोबो चांगला की वाईट.

चिंचेचा_कोळ

चाकावरचे दादा, राग नाही आला म्हणजे खरं तर आला होता, दोन दिवस काही लिहिलं नाही ते त्यामुळेच. मग काल बाबांना व्हिडिओ कॉलवर विचारलं. मला वाटलं होतं पाणी, चष्मा, रिमोट असं काहीतरी सांगतील. फार वेळ गप्प होते, मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाले, "दुपारी पडदा ओढायचा असतो. ऊन तोंडावर येतं. तुझी आई तेव्हा झोपते."

दोन वर्षं हा माणूस दुपारी ऊन तोंडावर घेऊन बसतोय आणि आम्हाला कोणालाच माहीत नाही.

कॅमेऱ्याचं पण विचारलं. म्हणाले, "तू बघ, पण मी बटण दाबल्यावर." आणि आईने मागून ओरडून सांगितलं की स्वयंपाकघरात कोणी यायचं नाही, मी गाऊनवर असते.

ठाण्याची_ओटी

पडद्याला मोटर बसते, रिमोटवर चालते, मोठं बटण डाव्या हाताला. त्याला रोबो कशाला. पण ताई, विचारलंत ते फार बरं केलंत.

खवचट_काकू

पडदा मोटरीवर आणि चष्मा दोरीवर. झालं.

रोबोवाला_रव्या

काकू जिंकल्या. माझी नोकरी जाणार.

पण ताई, पुढेमागे कधी खरंच फिरता रोबो आणायचा विचार असेल तर घर आत्ताच मोजून ठेवा. युरोपात हॉबिट नावाचा प्रकल्प होता, व्हिएन्नाच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने, ऑस्ट्रिया, ग्रीस आणि स्वीडनमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या लोकांच्या १८ घरांत एकेक रोबो २१ दिवस ठेवला होता, जमिनीवरचं उचलून देणं हे त्याचं एक मुख्य काम. तिथे मोठं दुखणं काय तर उंबरठे, गालिचे, अरुंद जागा. लॅबमध्ये वाघ असलेला रोबो दिवाणखान्यात सतरंजीच्या टोकाशी मान टाकतो. आपल्याकडे तर उंबरठ्यावर हळदकुंकू असतं, तो कापायला कोण देणार.

मला चार गोष्टी हव्यात. उंबरठ्यांची उंची, ओली राहणारी फरशी कुठे, जमिनीवर कोण कोण बसतं (पाटावर बसलेली आजी खालच्या सेन्सरला भिंत वाटते आणि वरच्या कॅमेऱ्याला दिसतच नाही), आणि फरशीचा रंग.

चिंचेचा_कोळ

रंग का?

रोबोवाला_रव्या

झाडू मारणारे गोल रोबो असतात ना, त्यांच्या पोटाखाली जिन्यावरून पडू नये म्हणून सेन्सर असतात. खाली उजेड सोडतात, परत आला तर जमीन आहे, नाही आला तर खड्डा. काळ्या फरशीवरून तो उजेड नीट परत येत नाही. म्हणजे काळी फरशी आणि विहीर त्याला सारखीच.

चिंचेचा_कोळ

अरे देवा. आमच्या हॉल आणि पॅसेजच्या मध्ये काळ्या कडप्प्याची पट्टी आहे, वीतभर रुंद 😄

थांबा, चुलतभावाकडे तो झाडूवाला रोबो आहे, त्याला सांगते घरी घेऊन जायला.

चिंचेचा_कोळ

(आठवड्याने)

अपडेट देते. चिमटा आणि बेल आली. चष्म्याला दोरी लावली पण बाबा म्हणतात मास्तरीण दिसतो, काढून ठेवतात. पडद्याच्या मोटरवाल्याने सोमवार सांगितलाय, कुठला सोमवार ते नाही सांगितलं.

भाऊ काल झाडूवाला घेऊन गेला. फोनच्या ॲपमध्ये बाण असतात, त्याने स्वतः चालवता येतो, ते बाबांच्या डाव्या हातात दिलं. पहिली दहा मिनिटं सोफ्यावरच आपटत होता. मग जमलं. मग भावाने त्याच्या पाठीवर चिकटपट्टीने एक प्लास्टिकचा डबा बसवला आणि बाबांनी तो चालवत आतल्या खोलीच्या दिशेने पाठवला, मावशींना सांगून ठेवलं होतं की डब्यात पेपर ठेवा. गेला गेला आणि रव्या म्हणाला तस्सा कडप्प्याच्या पट्टीपाशी थांबला आणि बायकी आवाजात इंग्लिशमधून काहीतरी बोलायला लागला. आई म्हणते ही कोण.

पण बाबांनी सोडलं नाही. मावशींना हाक मारून (ही बारावी असणार) पट्टीवर पांढरा कागद टाकायला लावला आणि मग तो गेला पलीकडे. पेपर घेऊन आला. पेपर येईपर्यंत अर्धा तास गेला आणि मावशी चार वेळा उठल्या, म्हणजे हिशोबाने तोटाच. पण बाबांनी भावाला सांगितलंय की हा आठ दिवस इथेच राहू दे.

रव्या, कागद सरकतो. त्याच्या पोटाखालच्या सेन्सरवर पांढरी पट्टी चिकटवली तर चालेल असं भाऊ म्हणतोय, करू का?

रोबोवाला_रव्या

घरात किंवा दाराबाहेर पायरी, जिना काहीही असेल तर अजिबात नको, तो आंधळा होईल आणि खरोखर पडेल. त्यापेक्षा कडप्प्यावरच पांढरी रुंद टेप लावा, फरशीला लावायची मिळते ती, कडा नीट दाबून, नाहीतर बाबांची काठी अडकेल.

ठाण्याची_ओटी

टेप नको!! सुटलेल्या कडेवर पाय घसरून आलेले दोन पेशंट आहेत माझ्याकडे. कडप्प्यावर रंगाचा पट्टा मारा, खरखरीत वाळू मिसळून.

खवचट_काकू

आईला विचारलं का कडप्पा रंगवायचं?

चिंचेचा_कोळ

विचारते. आत्ता तिकडे पहाटेचे चार वाजलेत.